गिटार वाजवता न येणाऱ्या माणसाने बनवलेले पिकअप जग आजही शोधतंय

नवी इलेक्ट्रिक गिटार घेतली की काही महिन्यांत एक किडा हमखास डोक्यात शिरतो. आवाज अजून चांगला येऊ शकतो, फक्त पिकअप बदलायला हवेत. मग शोधाशोध सुरू होते आणि दर दुसऱ्या जाहिरातीत एकच गोष्ट दिसते, ती म्हणजे जुना आवाज. १९५४ सारखा, १९५७ सारखा, १९६२ सारखा. नवे कोरे पिकअप विकले जातात ते अशा साठ-सत्तर वर्षांपूर्वीच्या सालांच्या नावावर.

गंमत अशी की तो आवाज ज्याच्या कारखान्यातून बाहेर पडला, त्या माणसाला गिटार वाजवता येत नव्हती. सुरात लावतासुद्धा येत नव्हती. शिक्षण अकाउंटिंगचं, धंदा रेडिओ दुरुस्तीचा. नाव लिओ फेंडर.

हो, तोच फेंडर. ज्याचं आडनाव जिमी हेंड्रिक्सच्या गिटारवर लिहिलेलं होतं.

१० ऑगस्ट १९०९ ला कॅलिफोर्नियात, फुलर्टन आणि अनाहाइम या गावांच्या मध्ये त्याचा जन्म झाला. आईवडिलांची संत्र्यांची बाग होती. आठ वर्षांचा असताना त्याच्या डाव्या डोळ्यात गाठ झाली आणि डोळा काढावा लागला. पुढे आयुष्यभर त्याने काचेचा डोळा वापरला. याच कारणामुळे दुसऱ्या महायुद्धात त्याला सैन्यात बोलावलं गेलं नाही.

तेरा-चौदा वर्षांचा असताना काकांनी त्याला गाडीच्या रेडिओच्या सुट्या भागांनी भरलेला एक खोका पाठवला. नंतर काकांच्या दुकानात गेल्यावर त्याने जुन्या भागांपासून जोडलेला एक रेडिओ पाहिला. त्यातून येणारा मोठा आवाज त्याच्या डोक्यात बसला तो कायमचाच. शाळेत त्याने पियानो आणि सॅक्सोफोन शिकून पाहिला, पण खरा जीव रेडिओत. इलेक्ट्रॉनिक्सचं शिक्षण मात्र त्याने कधीच घेतलं नाही. कॉलेजात अकाउंटिंग केलं आणि हिशेबनीस म्हणून नोकऱ्या धरल्या. मग महामंदी आली, नोकरी गेली. शेवटी १९३८ मध्ये ६०० डॉलर उसने घेऊन त्याने फुलर्टनमध्ये रेडिओ दुरुस्तीचं दुकान टाकलं.

दुकानात रेडिओबरोबर गावातले वादकही यायला लागले. कुणाचा अँप्लिफायर बिघडलेला, कुणाला कार्यक्रमासाठी लाऊडस्पीकर भाड्याने हवा. या वादकांची अडचण एकच होती. बँड मोठे होत चालले होते आणि गिटार ऐकूच येत नव्हती. पोकळ गिटारवर पिकअप लावून आवाज वाढवला, तर गिटारचं लाकूडच थरथरायचं आणि शिट्टी वाजायची.

आता पिकअप म्हणजे नक्की काय, ते बघू. तारांच्या खाली काही चुंबकं असतात. त्यांच्याभोवती केसापेक्षा बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे दिलेले असतात. वरची पोलादी तार हलली की चुंबकीय क्षेत्र हलतं आणि त्या वेढ्यांमध्ये बारीकसा विद्युतप्रवाह तयार होतो. तो अँप्लिफायरकडे जातो. बस्स. पण सगळी मेख तपशिलात आहे. वेढे वाढवले की आवाज जोरकस होतो, पण त्याची धार कमी होते. चुंबक बदललं की स्वभाव बदलतो. त्यामुळे पिकअप निवडताना सर्वात दणदणीत तोच सर्वात चांगला, हे गणित बऱ्याचदा फसतं.

युद्धाच्या काळात लिओ आणि त्याचा मित्र डॉक कॉफमन यांनी एक पिकअप तयार केला. तो तपासायला काहीतरी हवं, म्हणून त्यांनी एक ओबडधोबड गिटार बनवली. दिसायला अगदीच साधी. पण आजूबाजूचे वादक तीच कार्यक्रमासाठी मागून न्यायला लागले. पोकळ नसलेल्या लाकडातून येणारा आवाज स्वच्छ आणि लांब टिकणारा होता. १९४५ मध्ये दोघांनी के अँड एफ नावाची कंपनी काढली. वर्षभरातच डॉक बाजूला झाला आणि लिओने स्वतःच्या नावाची कंपनी सुरू केली.

१९५० मध्ये त्याची भरीव लाकडाची गिटार बाजारात आली. प्रतिस्पर्ध्यांनी तिला होडीचं वल्हं म्हणून हिणवलं, बर्फ उपसायचं फावडंही म्हणून झालं. नाव होतं ब्रॉडकास्टर, पण ग्रेच कंपनीचे त्याच नावाचे ड्रम आधीच बाजारात होते. तिने हरकत घेतल्यावर १९५१ मध्ये नाव बदलून टेलिकास्टर झालं. तिचा मागचा पिकअप आजही कापत जाणाऱ्या आवाजासाठी ओळखला जातो. त्याच्या तळाशी पोलादी पट्टी होती आणि तो बसवलेलाही पोलादी ब्रिजमध्येच होता. म्हणजे आवाज नुसत्या पिकअपचा नव्हता. आज तोच पिकअप दुसऱ्या जातीच्या गिटारमध्ये बसवून टेलिकास्टरसारखा आवाज येत नाही म्हणून हिरमुसणारे बरेच भेटतात, त्याचं उत्तर इथे आहे.

लिओ विचार करायचा तो मेकॅनिकसारखा. दुरुस्तीला आलेली वस्तू पटकन उघडता आली पाहिजे. त्यामुळे त्याच्या गिटारची मान डिंकाने चिकटवलेली नव्हती, चार स्क्रूंवर होती. १९५४ च्या स्ट्रॅटोकास्टरमध्ये तर तिन्ही पिकअप आणि जवळपास सगळं वायरिंग एका प्लास्टिकच्या पत्र्यावर बसवलं होतं. स्क्रू काढा, पत्रा उचला, दोन वायरी सोल्डर करा, नवा पिकअप बसला. आज घरच्या टेबलावर पिकअप बदलता येतो, त्याचं बरंच श्रेय या रचनेला जातं.

स्वतःला वाजवता येत नसल्याने तो वादकांच्या हातात नमुने द्यायचा आणि तक्रारी ऐकायचा. बिल कार्सनसारखे वादक कोपरे टोचतात म्हणाले, म्हणून स्ट्रॅटोकास्टरचे कोपरे घासले गेले. एक गोष्ट मात्र त्याच्या हिशेबात नव्हती. तिच्यावरचा स्विच तीन जागांचा होता, एका वेळी एक पिकअप. वादकांनी तो दोन जागांच्या अधेमधे अडकवला आणि दोन पिकअपचा मिळून वेगळाच आवाज शोधून काढला. पाच जागांचा स्विच कंपनीने दिला तो थेट १९७७ मध्ये.

या पिकअपना एक खोड होती. एकाच वेटोळ्याचा पिकअप तारांबरोबर विजेची घरघरही पकडतो. अमेरिकेत ती ६० हर्ट्झची, आपल्याकडे ५० ची. गिब्सन कंपनीत सेथ लव्हर या इंजिनिअरने १९५५ मध्ये यावर तोडगा काढला. दोन वेटोळी उलटसुलट जोडली की घरघर एकमेकांत विरते. हाच हम्बकर. पण सोबत आवाजही जाड, गोलसर होतो. लिओनेही १९५७ मध्ये प्रिसिजन बेसला दोन तुकड्यांचा, घरघर न पकडणारा पिकअप दिला. तरी त्याच्या सहा तारांच्या गिटारची ओळख एकवेटोळीच राहिली. घरघर सोसायची की धार सोडायची, पिकअप निवडताना पहिला प्रश्न आजही हाच असतो.

साठच्या दशकात धंदा जोरात होता आणि लिओची तब्येत खालावत होती. सायनसचा जंतुसंसर्ग वर्षानुवर्षं पिच्छा सोडत नव्हता. आपण फार दिवस काढणार नाही, असं त्याला वाटायला लागलं. जानेवारी १९६५ मध्ये त्याने कंपनी सीबीएसला १ कोटी ३० लाख डॉलरला विकली.

आणि मग त्याने डॉक्टर बदलला. आजार बरा झाला.

माणूस ठणठणीत, पण त्याच्या नावाची कंपनी दुसऱ्याची. करारानुसार दहा वर्षं स्पर्धेत उतरायची बंदी. तिकडे सीबीएसने उत्पादन वाढवलं आणि सत्तरच्या दशकात दर्जाबद्दल तक्रारी वाढत गेल्या. १९६५ च्या आधीच्या गिटारला वेगळा भाव आला तो यामुळे. त्याच दशकात लॅरी डिमार्झिओ आणि सेमूर डंकन यांनी सुटे पिकअप विकायला सुरुवात केली आणि बदली पिकअपचा बाजार उभा राहिला.

बंदी संपल्यावर १९७५ मध्ये लिओ म्युझिक मॅन कंपनीचा अध्यक्ष झाला. तिथून १९७६ मध्ये स्टिंगरे बेस आला. नंतर जुना सहकारी जॉर्ज फुलर्टनबरोबर त्याने जी अँड एल काढली. इथे त्याने पिकअप पुन्हा मुळापासून मांडला. सिरॅमिक चुंबक, कमी वेढे आणि प्रत्येक तारेखाली वरखाली करता येणारे लोखंडी खांब. आवाज जोरकस, तरी धारदार. आपण बनवलेली सर्वात चांगली वाद्यं हीच, असं त्याचं ठाम मत होतं.

बाजाराला ते फारसं पटलं नाही. लोकांना लिओ हवा होता, पण १९५४ चा. त्याने स्वतः मागे टाकलेले पिकअप हुबेहूब बनवणारे आज ढिगाने आहेत. नव्या रचनेचे चाहते आहेत, पण मूठभर. नुसतं तांत्रिकदृष्ट्या पाहिलं तर नव्या रचनेची बाजू बरीच भक्कम आहे. पण लोकांच्या कानात जुन्या रेकॉर्ड बसल्यात, त्याला इलाज नाही.

लिओला पुढे पार्किन्सन्सने गाठलं. तरी तो रोज कारखान्यात येत राहिला, मृत्यूच्या आदल्या दिवसापर्यंत. २१ मार्च १९९१ ला तो गेला. फुलर्टनमधल्या जी अँड एलच्या कारखान्यात त्याची खोली आणि कामाचं टेबल तो सोडून गेला तसंच जपून ठेवलं गेलं.