आईवरचा आळ

मैत्रिणींनो, मूल वेळेवर बोलेना, हाक मारली तरी वळून बघेना, की घरादाराची बोटं आधी कुणाकडे वळतात? अर्थातच आईकडे! गरोदरपणी ग्रहण पाळलं नसेल, पोराला जवळ घेतलं नसेल, नोकरीपायी हयगय केली असेल... मंडळाच्या कामानिमित्त घरोघरी जाते तेव्हा हे मी नेहमी ऐकते. पण हा आळ फक्त आपल्याकडच्या आयांवरच आला असं नाही बरं का! प्रगत अमेरिकेतही तो आला, तोही मोठमोठ्या डॉक्टरांकडून. म्हणूनच आज डॉ. लिओ कॅनर यांच्याविषयी सांगते.

कॅनर यांचा जन्म १८९४ सालचा, आज युक्रेनमध्ये असलेल्या एका खेड्यातल्या ज्यू कुटुंबातला. तरुणपणी त्यांना कवी व्हायचं होतं, पण झाले डॉक्टर. बर्लिनमध्ये शिक्षण घेऊन १९२४ साली ते अमेरिकेत गेले. पुढे बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात १९३० साली त्यांनी मुलांच्या मानसिक आजारांसाठी खास विभाग सुरू केला. हिटलरच्या छळातून सुटून आलेल्या अनेक डॉक्टरांना त्यांनी अमेरिकेत आधार दिला. १९४१ साली तर त्यांनी आयांची बाजू घेणारं पुस्तकही लिहिलं!

१९३८ साली त्यांच्याकडे डोनाल्ड नावाचा पाच वर्षांचा मुलगा आला. वडिलांनी आधी तब्बल ३३ पानी पत्र पाठवून त्याच्या साऱ्या सवयी कळवल्या होत्या. पाठांतर अफाट, पण माणसांत रमायचं नाही; वस्तू फिरवत बसायचं आणि रोजच्या क्रमात जरा बदल झाला की आकांत! अशी आणखी मुलं पाहून कॅनर यांनी १९४३ साली ११ मुलांवर लेख लिहिला. त्यात आठ मुलगे होते, तीन मुली. आपण ज्याला ऑटिझम किंवा स्वमग्नता म्हणतो, त्याची जगाला खरी ओळख झाली ती या लेखामुळे. रशियातल्या डॉ. सुखारेवा या बाईंनी अशा मुलांचं वर्णन १९२५ च्या सुमारासच केलं होतं, पण त्याकडे फारसं कुणाचं लक्ष गेलं नाही.

ही स्थिती जन्मजात असावी, असं कॅनर यांनी त्याच लेखात लिहिलं होतं. पण या मुलांचे आईवडील मायाळू वाटत नाहीत, असंही नोंदवलं. १९४९ साली तर त्यांनी त्या घरांतल्या थंडपणाची तुलना फ्रीजशी केली. झालं! पुढे इतरांनी ते उचलून धरलं आणि 'फ्रीजसारखी थंड आई' हा शिक्काच पडला. आधीच खचलेल्या कितीतरी आया वर्षानुवर्षं स्वतःला अपराधी मानत राहिल्या.

मग १९६४ साली डॉ. रिमलँड यांनी पुस्तक लिहून हा समज खोडून काढला. ते स्वतः अशाच एका मुलाचे वडील. त्यांच्या पुस्तकाला प्रस्तावना कुणी दिली? खुद्द कॅनर यांनी! १९६९ साली पालकांच्या सभेत त्यांनी आईवडिलांना जाहीरपणे दोषमुक्त केलं. १९८१ साली ते वारले. डोनाल्ड मात्र पदवीधर झाला, बँकेत नोकरी केली, गाडी चालवली, जगभर हिंडला आणि २०२३ साली ८९ व्या वर्षी गेला.

आज शास्त्र सांगतं, की स्वमग्नतेत मेंदूची जडणघडण जन्माआधीपासूनच वेगळी असते आणि त्यात अनुवंशिकतेचा वाटा मोठा असतो. लसीमुळे ती होत नाही, माया कमी पडल्यानेही नाही. आपल्याकडे २०१६ च्या अपंग हक्क कायद्यात स्वमग्नतेचा समावेश आहे, त्यामुळे अपंगत्वाचा दाखला मिळू शकतो.

तेव्हा मैत्रिणींनो, मूल नजरेला नजर देत नसेल, बोट दाखवून काही मागत नसेल, तर 'होईल मोठेपणी नीट' म्हणून थांबू नका, बालरोगतज्ज्ञांना दाखवा. आणि शेजारच्या घरात असं मूल असेल, तर त्याच्या आईला कारण विचारू नका. तासभर पोराला सांभाळते, तू जरा टेक, एवढं म्हटलंत तरी पुष्कळ!