तराजूचा गणिती : आर्किमिडीज

शेगाव हे संत गजानन महाराजांचे गाव, तसेच वऱ्हाडातील कापसाच्या व्यापाराचे जुने ठिकाण. कापूस आला की वजनकाटा आलाच. १९८३ मध्ये येथे महाराजांच्या नावाने अभियांत्रिकी महाविद्यालय सुरू झाले. त्याच काट्यामागचे तत्त्व अभियांत्रिकीचे विद्यार्थी ‘मोमेंटचा नियम’ म्हणून शिकतात. टेकूच्या दोन्ही बाजूंस वजन आणि अंतर यांचा गुणाकार सारखा असला, की दांडी आडवी राहते. सूत्र सर्वांनाच पाठ असते. ते तसे का, हे मात्र क्वचितच विचारले जाते. या प्रश्नाचे उत्तर भूमितीच्या काटेकोरपणाने देणारा गणिती म्हणजे आर्किमिडीज.

इ. स. पू. २८७ च्या सुमारास सिसिली बेटावरील सिराक्यूज या ग्रीक नगरात त्याचा जन्म झाला. वडील फिडियस खगोलवेत्ते होते. अलेक्झांड्रियातील एराटोस्थेनिससारख्या विद्वानांशी त्याचा पत्रव्यवहार होता. स्नानगृहातून धावत सुटल्याच्या कथेने त्याचे नाव घरोघरी पोहोचवले खरे, पण त्याच्या खऱ्या कामावर पडदाही टाकला.

तरफेचा नियम त्याच्या आधीही ठाऊक होता. त्याने तो सिद्ध केला. त्याच्या युक्तिवादाचे मर्म साध्या फूटपट्टीवर पाहता येते. तीस सेंटिमीटरची पट्टी मध्यावर पेन्सिलीवर तोलावी. मध्यापासून डावीकडे बारा सेंटिमीटरवर एक नाणे आणि उजवीकडे सहा सेंटिमीटरवर तशीच दोन नाणी ठेवावीत. पट्टी स्थिर राहते. आता उजवीकडील एक नाणे सहा सेंटिमीटर आत आणि दुसरे तितकेच बाहेर सरकवावे. दोहोंचा मध्य जागचा हलला नाही, म्हणून तोलही ढळत नाही. आतले नाणे थेट टेकूवर आले, म्हणजे निष्प्रभ झाले. उरली दोन सारखी नाणी, सारख्या अंतरावर! ती का तोलतात, हे कोणाला सांगावे लागत नाही.

भरलेले जहाज त्याने एकट्याने ओढल्याचे प्लूटार्कने सुमारे तीन शतकांनंतर लिहिले. त्यात अतिशयोक्ती असावी. त्याहून विलक्षण बाब १९०६ मध्ये उजेडात आली. इस्तंबूलमधील एका प्रार्थनापुस्तकात, खरवडलेल्या जुन्या मजकुरात, डॅनिश विद्वान हायबेर्ग यांना आर्किमिडीजचा हरवलेला ग्रंथ सापडला. त्यात तो भौमितिक आकृत्यांचे पातळ काप कल्पनेच्या तराजूवर तोलतो आणि त्यावरून गोलाचे घनफळ काढतो. ते गोलाला नेमके सामावून घेणाऱ्या वृत्तचितीच्या दोन तृतीयांश भरते. मात्र या तोलण्याला तो सिद्धता मानत नव्हता. ती त्याने भूमितीने स्वतंत्रपणे दिली.

इ. स. पू. २१२ मध्ये सिराक्यूज रोमनांच्या हाती पडले. जिवंत पकडण्याचा सेनापती मार्सेलसचा हुकूम असतानाही एका सैनिकाने त्याला ठार केले, असे सांगतात. त्याच्या इच्छेनुसार समाधीवर गोल आणि वृत्तचिती कोरण्यात आली. इ. स. पू. ७५ मध्ये सिसेरोने ती शोधून काढली, तेव्हा ती काटेरी झुडपांत झाकली गेली होती आणि सिराक्यूजच्या नागरिकांना तिचा पत्ताही नव्हता.