भुईकोट किल्ल्यातला दमा

मुंबईत ९ ऑगस्ट १९४२ रोजी पहाटे पकडलेल्या काँग्रेस नेत्यांना अहमदनगरच्या (आताचे अहिल्यानगर) भुईकोट किल्ल्यात आणण्यात आले. नेहरू, पटेल, मौलाना आझाद यांच्यासोबत त्यांत आचार्य नरेंद्र देव होते. त्यांना जुना दमा होता. त्याच वर्षी गांधीजींनी त्यांना उपचारासाठी सेवाग्रामला ठेवून घेतले होते.

नरेंद्र देव यांचा जन्म ३१ ऑक्टोबर १८८९ रोजी सीतापूरचा. असहकार चळवळीत वकिली सोडून १९२१ मध्ये ते काशी विद्यापीठात शिकवू लागले. १९३४ मध्ये पाटण्यात समाजवाद्यांच्या पहिल्या परिषदेचे ते अध्यक्ष होते. किल्ल्यातल्या तुरुंगवासात दम्याने बेजार असतानाही त्यांनी ‘अभिधर्मकोश’ या बौद्ध ग्रंथाच्या फ्रेंच भाषांतरावरून हिंदी अनुवादाचे काम केले. नेहरूंनी तिथेच लिहिलेल्या ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’च्या प्रस्तावनेत त्यांचे ऋण मानले आहे.

दम्यात श्वास का कोंडतो? श्वासनलिकांच्या अस्तरात मास्ट पेशी, इओसिनोफिल अशा रोगप्रतिकारक पेशी असतात. प्रत्येक पेशीचे आवरण मुख्यतः मेदाचे असते आणि त्यात अ‍ॅराकिडोनिक आम्ल हे मेदाम्ल साठवलेले असते. धूळ, परागकण यांसारख्या गोष्टींनी या पेशी चिथावल्या की हे मेदाम्ल सुटे होते आणि त्यापासून ल्युकोट्राइन ही रसायने तयार होतात. त्यांच्यामुळे श्वासनलिकांचे स्नायू आवळतात, अस्तर सुजते, कफ वाढतो. संरक्षणासाठी असलेली यंत्रणाच अशी श्वासावर उठते.

दमा हा स्वयंप्रतिकार विकार मानला जात नाही. मात्र शरीर स्वतःच्याच सांध्यांवर हल्ला करते त्या आमवातात पांढऱ्या पेशींना सांध्याकडे खेचणारे एक रसायन याच कुळातले आहे.

नरेंद्र देव किल्ल्यात होते तेव्हा या रसायनाची केवळ चाहूल लागली होती. गिनीपिगच्या फुप्फुसांतून निघणारा, स्नायू हळूहळू पण दीर्घकाळ आवळणारा पदार्थ मेलबर्नमध्ये १९३८ ते १९४० दरम्यान आढळला होता. तो मेदाम्लापासून बनतो हे स्वीडनचे बेंग्ट सॅम्युएलसन यांनी १९७९ मध्ये दाखवले. १९८२ च्या नोबेल पारितोषिकाचे ते एक मानकरी. ल्युकोट्राइनचा परिणाम रोखणारे मॉन्टेलुकास्ट १९९८ मध्ये अमेरिकेत बाजारात आले.

नरेंद्र देव यांच्या वाट्याला यातले काही आले नाही. १९४५ मध्ये सुटका झाल्यावर त्यांनी लखनौ आणि नंतर बनारस हिंदू विद्यापीठाचे कुलगुरुपद सांभाळले. अखेर हवापालटासाठी दक्षिणेत गेले असता १९ फेब्रुवारी १९५६ रोजी इरोड येथे त्यांचे निधन झाले. त्यांच्या ‘बौद्ध धर्म दर्शन’ ग्रंथाला पुढच्या वर्षी साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला.

आज दम्याचा मुख्य आधार म्हणजे सूज आटोक्यात ठेवणारे, श्वासावाटे घ्यायचे स्टेरॉइड. मॉन्टेलुकास्ट काही रुग्णांना जोडीला दिले जाते; अचानक आलेल्या झटक्यावर ते कामाचे नाही. तूप-तेल सोडल्याने दमा जात नाही, कारण हा मेद पेशींच्या आवरणातला आहे. बरे वाटले म्हणून इनहेलर मनाने बंद करू नये. नरेंद्र देव यांना जे मिळाले नाही, ते आज तालुक्याच्या गावीही औषधाच्या दुकानात मिळते.