गोळेश्वरच्या खाशाबांचे देणे

शेतकरी बंधूंनो, या पानावर आपण नेहमी बियाणे, खते, पाणी आणि बाजारभाव यांवर बोलतो. आज विषय थोडा वेगळा आहे, पण परका नाही. आज एका शेतकरी घरातल्या पैलवानाची गोष्ट सांगायची आहे. यात कुस्ती आहे, पण कुस्तीपेक्षा जास्त कर्ज, गहाण आणि परतफेड आहे. हे तीन शब्द आपल्याला कुणी समजावून सांगायला नकोत.

तुम्ही ओळखलेच असेल. कराड तालुक्यातल्या गोळेश्वरचे खाशाबा दादासाहेब जाधव. स्वतंत्र भारताला ऑलिम्पिकमध्ये वैयक्तिक पदक मिळवून देणारा पहिला माणूस. १९५२, हेलसिंकी, कांस्यपदक. एवढी एक ओळ शाळेतल्या पोरालाही पाठ असते. पण त्या ओळीच्या मागे काय होते आणि पुढे काय झाले, हे विचारले की भले भले गप्प होतात. पीक दिसते, पेरणी आणि उसनवारी दिसत नाही, तसलाच हा प्रकार.

खाशाबांचा जन्म १५ जानेवारी १९२६ चा. कृष्णा-कोयनेच्या संगमावर कराड वसले आहे आणि गोळेश्वर त्याच्या अगदी लगत. वडील दादासाहेब स्वतः पैलवान. पाच भावांत खाशाबा धाकटे. घरातच आखाडा म्हटल्यावर पोरगं चालायला लागलं तेच लाल मातीत. शिक्षण कराडच्या टिळक हायस्कूलमध्ये झाले. १९४२ च्या चळवळीत भूमिगत कार्यकर्त्यांना आसरा देणे, निरोप पोचवणे अशी कामेही या पोराने केली. तेव्हा वय होते अवघे सोळा.

पुढे शिकायला कोल्हापूरला राजाराम कॉलेजात गेले. अंगाने लहानखुरे, उंचीही बेताची. कॉलेजच्या स्पर्धेत नाव घालायला गेले, तर क्रीडाशिक्षकांनी त्यांच्याकडे बघून नकार दिला, असे सांगतात. खाशाबा थेट प्राचार्य खर्डेकरांकडे गेले. प्राचार्यांनी परवानगी दिली आणि या लहानखुऱ्या पोराने आपल्यापेक्षा दांडग्या गड्यांना पाठ दाखवायला लावली. प्राचार्य खर्डेकरांचे नाव ध्यानात ठेवा, पुढे ते पुन्हा येणार आहे.

कोल्हापुरात बाबूराव बलावडे आणि बेलापुरी गुरुजी यांनी खाशाबांना तयार केले. ढाक हा त्यांचा हातखंडा डाव. ताकदीपेक्षा चपळाई आणि डोके यांवर त्यांची भिस्त असे.

१९४८ साली लंडनला ऑलिम्पिक भरले. खाशाबांची निवड झाली, पण जायला पैसे कुठले? तेव्हा कोल्हापूरच्या महाराजांनी खर्च उचलला. खाशाबा सातासमुद्रापलीकडे गेले आणि तिथे पाहतात तो काय, माती नाहीच! खाली अंथरलेली गादी.

आता तुम्ही म्हणाल, कुस्ती ती कुस्ती, माती काय अन् गादी काय. पण तसे नाही बरं का. आपल्या हौदातल्या मातीत तेल, ताक, हळद, लिंबू घालून ती मऊ केलेली असते. त्यात अनवाणी पायाची बोटे रुततात, पकड बसते. गादीवर पायात बूट, पाय रुतायला जागा नाही आणि सगळा खेळ वेगाचा. मातीत पाठ लागली की निकाल. गादीवर पाठ नाही लागली तरी पंच गुणांवर निकाल देतात आणि घड्याळ चालूच असते. जिरायतात मुरलेल्या गड्याला एकदम बागायत कसायला द्यावे, तसे झाले. जमीन तीच, हात तेच, पण पद्धत सगळी वेगळी.

तरीही खाशाबांनी ऑस्ट्रेलियाचा पैलवान पाडला, अमेरिकेचा पाडला. इराणच्या पैलवानाने त्यांना रोखले. ५२ किलो वजनगटात सहावा क्रमांक आला. त्या वेळी अमेरिकेचे रीस गार्डनर यांनी त्यांना गादीवरच्या कुस्तीचे धडे दिले.  पण खाशाबा खूश नव्हते. आपण कमी कुठे पडलो, हे त्यांना कळले होते. ज्याला आपले नुकसान नेमके कशाने झाले ते कळते, त्याचा पुढचा हंगाम साधतो.

चार वर्षे त्यांनी त्याच एका गोष्टीवर घालवली. वजनगट बदलून ५७ किलोत आले. १९५२ च्या निवड चाचणीत मद्रासला त्यांच्यावर अन्याय झाला, गुण कापला गेला, अशी त्यांची तक्रार होती. ते गप्प बसले नाहीत. पतियाळाच्या महाराजांकडे त्यांनी दाद मागितली आणि पुन्हा कुस्ती लावून घेतली. त्या कुस्तीत प्रतिस्पर्ध्याला चीत करून त्यांनी हेलसिंकीचे तिकीट मिळवले. हक्काचे असेल तर अर्ज करा, पाठपुरावा करा, हे आम्ही तुम्हाला नेहमी सांगतो ना, त्यातलाच हा प्रकार.

तिकीट मिळाले म्हणजे हक्क मिळाला, पैसे नव्हे. सरकारी मदत पुरेशी नव्हती. गोळेश्वरच्या लोकांनी वर्गणी काढली. खाशाबा आणि घरचे लोक दारोदार फिरले. ज्याच्याकडे जे होते ते त्याने दिले. तरीही मेळ बसेना. तेव्हा प्राचार्य खर्डेकरांनी आपले राहते घर गहाण टाकले आणि सात हजार रुपये उभे केले.

बंधूंनो, इथे क्षणभर थांबा. सातबाऱ्यावर बोजा चढवताना माणसाचा हात कसा कापतो, हे तुम्हाला माहीत आहे. आपल्या पोराच्या शिक्षणासाठी, लेकीच्या लग्नासाठी आपण तो चढवतो. या गृहस्थांनी दुसऱ्याच्या पोरासाठी, एका कुस्तीसाठी घर गहाण टाकले. तेही पदक येईल याची कसलीच खात्री नसताना. कोल्हापूरचेच केशव माणगावे हेही पैलवान म्हणून हेलसिंकीला गेले होते. त्यांचा चौथा क्रमांक आला, थोडक्यात पदक हुकले. म्हणजे कष्ट आणि कर्ज करूनही पदरात काही पडेलच, असे नसते. पाऊस हातात नसतो, तसाच निकालही हातात नसतो.

हेलसिंकीत खाशाबांनी कॅनडाचा, मेक्सिकोचा आणि जर्मनीचा पैलवान हरवला. मग समोर आला जपानचा शोहाची इशीई. पंधरा मिनिटे झुंज चालली. खाशाबा गुणांवर हरले. इशीई पुढे सुवर्णपदकाचा मानकरी ठरला, यावरून त्याची ताकद ध्यानात येईल. अंगातले पाणी पाणी झालेले असतानाच खाशाबांना सोव्हिएत संघाच्या रशीद ममेदबेकोव्हशी लढायला बोलावले गेले. दोन कुस्त्यांमध्ये अर्धा तास विश्रांतीचा नियम होता. पण तो नियम दाखवून भांडायला आपल्या पथकातला कुणी अधिकारी त्या वेळी तिथे हजर नव्हता, असे सांगितले जाते. थकलेले खाशाबा ती कुस्तीही हरले. २३ जुलै १९५२ रोजी त्यांना कांस्यपदक मिळाले.

नियम कागदावर असून भागत नाही, तो वेळेवर दाखवणारा माणूस जाग्यावर लागतो. हे वाक्य मी माझ्यासकट सगळ्या सरकारी नोकरांसाठी लिहितो आहे. ग्रामसेवक असोत, तलाठी असोत की आम्ही शेतीखात्यातले, आपण जाग्यावर नसल्यामुळे कुणाचे काय हुकते, ते आपल्याला कधी कळतही नाही.

दुसऱ्याच दिवशी, २४ जुलैला, आपल्या हॉकी संघाने सुवर्णपदक जिंकले. साहजिकच देशाचे लक्ष तिकडे गेले. पण कराडने आपले कर्तव्य केले. खाशाबा रेल्वेने कराडला उतरले, तेव्हा शंभरावर बैलगाड्या स्टेशनवर हजर होत्या. ढोल, लेझीम, गुलाल, फटाके. स्टेशनपासून गोळेश्वरची वाट थोडकी, पण मिरवणुकीला सात तास लागले असे लोक सांगतात. ऐन जुलै-ऑगस्टची कामे टाकून शेतकऱ्यांनी बैल जुंपून आणले होते, हे कुणी वेगळे लिहून ठेवत नाही. आपण ते ओळखू शकतो.

लोकांच्या आठवणीत खाशाबा इथेच थांबतात. एक पदक, एक मिरवणूक, संपले. मला मात्र यापुढचे खाशाबा जास्त मोठे वाटतात.

मिरवणुकीचा गुलाल धुऊन झाल्यावर त्यांच्या डोळ्यांपुढे पहिली गोष्ट आली, ती खर्डेकरांचे गहाण घर. त्यांनी कुस्त्यांची मैदाने भरवली, स्वतः लढले, जिंकले आणि त्या कमाईतून पैसे फेडून प्राचार्यांचे घर सोडवले. ऑलिम्पिकचे पदक जिंकून आलेला माणूस पुन्हा मैदानात उतरला, तो दुसऱ्याच्या घरावरचा बोजा उतरवायला. पुढाऱ्याकडे गेला नाही, माफी मागितली नाही, कुणी विसरेल याची वाटही पाहिली नाही.

१९५५ साली ते पोलीस खात्यात फौजदार झाले. १९५६ च्या मेलबर्न ऑलिम्पिकला जायचे होते, पण गुडघ्याच्या दुखापतीने घात केला. पुढे खात्यासाठी कुस्त्या मारल्या, पोरे तयार केली. पण बढतीसाठी वीसहून अधिक वर्षे थांबावे लागले. शेवटी सहायक पोलीस आयुक्त म्हणून ते निवृत्त झाले. त्यानंतर पेन्शनसाठीही त्यांना झगडावे लागले. १९८२ च्या दिल्लीच्या आशियाई स्पर्धांत मशाल नेण्याचा मान त्यांना मिळाला, एवढाच काय तो हयातीतला मोठा मान. १४ ऑगस्ट १९८४ रोजी रस्त्यावरच्या अपघातात त्यांचे निधन झाले. स्वातंत्र्यदिनाच्या आदल्या दिवशी स्वतंत्र भारताचा पहिला पदकवीर गेला.

मग सुरू झाले मरणोत्तर सोपस्कार. राज्याचा शिवछत्रपती पुरस्कार नव्वदच्या दशकात आला. केंद्राचा अर्जुन पुरस्कार त्यांच्या मृत्यूनंतर सोळा वर्षांहून अधिक काळाने जाहीर झाला. २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धेत दिल्लीतल्या कुस्तीच्या संकुलाला त्यांचे नाव दिले गेले. गोळेश्वरला कुस्ती संकुल उभारण्याची घोषणा २००९ साली झाली. आठ वर्षे गेली, संकुल उभे राहिले नाही. तेव्हा, २०१७ साली, ते पदक लिलावात काढून त्या पैशातून संकुल उभारू, असे म्हणण्याची वेळ घरच्यांवर आली. ज्या माणसाने सात हजारांचे कर्ज घाम गाळून फेडले, त्याच्या गावाला दिलेला शब्द आपण कागदावरच ठेवला होता.

स्वतंत्र भारताचे दुसरे वैयक्तिक पदक यायला ४४ वर्षे लागली. १९९६ साली लिअँडर पेसने ते टेनिसमध्ये मिळवले. कुस्तीतले दुसरे पदक २००८ साली सुशीलकुमारने आणले. आणि महाराष्ट्राच्या मातीतले दुसरे वैयक्तिक पदक यायला तब्बल ७२ वर्षे! २०२४ साली पॅरिसला कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे याने नेमबाजीत कांस्यपदक मिळवले. पुन्हा एक खेड्यातलाच पोरगा. म्हणजे बियाणे कसदार आहे, यात शंका नाही. पाणी देणारे कमी पडतात.

२०२३ साली राज्य सरकारने १५ जानेवारी हा खाशाबांचा जन्मदिवस राज्य क्रीडा दिन म्हणून ठरवला. चांगले झाले. पण फोटोला हार, दोन भाषणे आणि चहा एवढ्यावर तो दिवस संपू नये. सरपंच, ग्रामसेवक, मुख्याध्यापक मंडळींना माझे हात जोडून सांगणे आहे. त्या दिवशी गावातल्या तालमीत एकदा जाऊन या. छप्पर गळते का, हौदातली माती कधी बदलली, पोरांना सरावाला गादी आहे का, एवढे बघा. गावातली एखादी पोरगी किंवा पोरगा जिल्ह्याला, राज्याला खेळायला निघाला असेल, तर त्याच्या प्रवासखर्चाचा विषय ग्रामसभेत घ्या. त्याचा अर्ज कुठल्या टेबलावर अडकला आहे, ते शोधा. घर गहाण टाका, असे कुणी म्हणत नाही. खर्डेकरांसारखी छाती सगळ्यांची नसते. पण वर्गणी काढणाऱ्या गोळेश्वरकरांएवढे तर आपल्याला जमेल?

खाशाबांनी आपल्यावरचे देणे व्याजासकट फेडले. त्यांचे आपल्यावर जे देणे आहे, ते गोळेश्वरच्या नावावर नाही. ते प्रत्येक गावाच्या नावावर आहे, आणि आपल्या गावचा त्यातला हप्ता आपल्यालाच भरायचा आहे.