अर्न्स्ट रुस्का

हायडेलबर्ग या जर्मन नगरात यूलियुस रुस्का यांच्या अभ्यासिकेत एक मोठा सूक्ष्मदर्शक लाकडी पेटीत ठेवलेला असे. कधीमधी ते मुलांना त्यातून एखादी नवलाची वस्तू दाखवीत. यंत्राला हात लावण्याची मात्र सक्त मनाई असे. २५ डिसेंबर १९०६ रोजी जन्मलेल्या अर्न्स्टची सूक्ष्मदर्शकाशी ओळख झाली ती अशी दुरूनच.

या साध्या सूक्ष्मदर्शकाला एक मर्यादा आहे. तळ्यातील लाट लव्हाळ्याच्या काडीची दखल न घेता पुढे जाते; खडक मात्र तिला अडवितो. त्याचप्रमाणे प्रकाशाच्या तरंगांहून फार लहान असलेली वस्तू प्रकाशाला स्पष्ट दाखविता येत नाही. बर्लिन येथे माक्स क्नोल यांच्या हाताखाली शिकत असता रुस्कांनी प्रकाशाऐवजी इलेक्ट्रॉनांचा झोत घेतला आणि काचेच्या भिंगाऐवजी तारेच्या वेटोळ्याचे चुंबकीय भिंग. १९३१ साली या दोघांच्या पहिल्या यंत्रातून वस्तू जेमतेम सतरापट मोठी दिसली. शाळेतील सूक्ष्मदर्शकही याहून अधिक करील!

त्याच सुमारास इलेक्ट्रॉनही तरंगांसारखे वागतात, हे कळून रुस्का खिन्न झाले. येथेही तीच मर्यादा आडवी येणार होती. पण गणित मांडताच हे तरंग प्रकाशाच्या तरंगांहून सुमारे एक लाखपट आखूड निघाले. १९३३ साली त्यांच्या नव्या यंत्राने १२,००० पट मोठी प्रतिमा दिली.

तरीही यंत्राला आश्रयदाता मिळेना. झोताच्या उष्णतेने कापसाचे तंतू करपत. मग सजीवांची राखच पाहावयाची काय, अशी शंका पुष्कळांना येई. रुस्कांनी दूरचित्रवाणीच्या कारखान्यात नोकरी धरली. परंतु मित्र बोडो फॉन बोरीस यांच्यासह दारे ठोठावणे सोडले नाही. वैद्यक शिकलेला धाकटा भाऊ हेल्मुट त्यांच्या पाठीशी उभा राहिला. अखेर १९३७ साली सीमेन्स कंपनीने हे काम अंगावर घेतले आणि १९३९ पासून यंत्रे विक्रीस आली. हेल्मुट यांनी त्यांतून विषाणूंचे आकार पाहिले. रुस्कांना नोबेल पारितोषिक लाभले ते १९८६ साली, वयाच्या एकोणऐंशीव्या वर्षी. २७ मे १९८८ रोजी बर्लिन येथे त्यांचे निधन झाले.

हायड्रोजनवर चालणाऱ्या मोटारींच्या इंधनघटात प्लॅटिनमचे अतिसूक्ष्म कण असतात. मिलिमीटरचे दहा लाख भाग केले, तर त्यांतील दोनचार भागांएवढी एका कणाची रुंदी. या कणांच्या पृष्ठभागावर हायड्रोजन व ऑक्सिजन यांच्या क्रिया घडून वीज मिळते. वापराने काही कण विरघळतात, काही शेजारच्या कणांना चिकटून मोठे होतात. एकूण पृष्ठभाग घटतो आणि घट दुबळा होतो. आता इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातच थोडासा वायू किंवा द्रव खेळवून, हे बदल घडत असतानाच संशोधक एकेका कणावर नजर ठेवतात.