ॲबेलियनमधला ॲबेल

'दिलेला ग्रुप ॲबेलियन आहे का?' हा पेपरातला हमखास प्रश्न. ग्रुप तर हवाच, शिवाय 'अ' आणि 'ब' कुठल्याही क्रमाने घेतले तरी उत्तर एकच यायला हवं. पूर्णांकांची बेरीज पास, २×२ इन्व्हर्टिबल मॅट्रिक्सचा गुणाकार नापास. एवढं पाठ केलं की मार्क खिशात! पण हा ॲबेल कोण, हे वाचलं आणि मी चाटच पडलो.

नील्स हेन्रिक ॲबेल १८०२ साली नॉर्वेत जन्मला. वडील पाद्री. ते १८२० मध्ये वारले आणि अठराव्या वर्षी घराचा भार त्याच्यावर पडला. त्याची हुशारी ओळखली ती शाळेतल्या होल्म्बोसरांनी. पाचव्या घाताच्या समीकरणाला वर्गसमीकरणासारखं सूत्र असूच शकत नाही, हे त्याने १८२४ मध्ये सिद्ध केलं. छपाई पदरच्या पैशाने, म्हणून अख्खी सिद्धता सहा पानांत कोंबली! गाउससारख्या दिग्गजाने तिची दखलच घेतली नाही. १८२६ मध्ये पॅरिसच्या अकादमीला दिलेला मोठा निबंध कोशीकडे पडून राहिला.

६ एप्रिल १८२९ ला क्षयाने तो गेला, अवघ्या २६ व्या वर्षी. दोनच दिवसांनी मित्र क्रेलेने बर्लिनहून पत्र लिहिलं: तुझी नोकरी पक्की!

'ग्रुप' हा शब्द त्याने वापरलाही नव्हता. पण मुळांच्या अदलाबदलीत क्रमाने फरक पडत नसेल तर समीकरण सुटतं, हे त्याने दाखवलं होतं. म्हणून पुढे त्याचं नाव दिलं गेलं. दोस्तांनो, व्याख्या एका ओळीची आहे, पण तिच्यामागे एक अख्खं आयुष्य आहे.