रस्त्याकडेच्या वेली आणि मिलार्दे

ऑक्टोबर छाटणीनंतर पाऊस रेंगाळला की तुळजापूर-धाराशिव भागातले द्राक्षबागायतदार बोर्डो मिश्रण तयार करायला घेतात. यातले बोर्डो हे फ्रान्समधले शहर. तिथल्या विद्यापीठात पियर मिलार्दे (१८३८-१९०२) वनस्पतिशास्त्र शिकवत. द्राक्षाची मुळे पोखरणाऱ्या फायलोक्सेरा किडीवर अमेरिकी खुंटांचा उपाय सुचवणाऱ्यांत ते आघाडीवर होते. पण १८७८च्या सुमारास अमेरिकी वेलींबरोबर केवडा, म्हणजेच डाऊनी, फ्रान्समध्ये शिरला. एका दुखण्यावरच्या उपायातून दुसरे दुखणे आले.

१८८२च्या ऑक्टोबरात मेदोक भागात बागांची पाने गळाली होती, रस्त्याकडेच्या वेली मात्र हिरव्या होत्या. वाटसरूंनी घड तोडू नयेत म्हणून त्यांवर मोरचूद-चुना शिंपडला होता! मिलार्दे यांनी लगेच गाजावाजा केला नाही. रसायनतज्ज्ञ गायों यांना सोबत घेऊन त्यांनी प्रयोग केले आणि १८८५ साली निष्कर्ष छापले.

मोरचुदातले तांबे मात्र विघटित होत नाही. ते वर्षानुवर्षे मातीत साचते आणि गांडुळांना बाधते. म्हणून आता सुगंधी वनस्पतींकडे लक्ष वळले आहे. ओव्यातले थायमॉल, लवंगेतले युजेनॉल, रोशा गवतातले जिरॅनिऑल बुरशी रोखतात. युरोपीय संघाने २०१३ मध्ये या तिन्हींना मान्यता दिली. अर्थात ती केवड्यासाठी नव्हे, द्राक्षावरच्या करड्या बुरशीसाठी. तेल काढल्यावर उरलेल्या चोथ्यात आणि पाण्यातही ही द्रव्ये थोडीफार राहतात. पण किती, हे प्रत्येक भट्टीगणिक बदलते. मिलार्दे आणि गायों यांचा बराचसा वेळ याच ‘किती’मध्ये गेला होता.